आधी ईसीजी, मग कोल्हापूर की बेळगाव

निपाणी पुणे-बेंगळूरू महामार्गावर अशा जागी वसली आहे, की उत्तरेला चाळीसएक किलोमीटरवर कोल्हापूर आणि दक्षिणेला पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव. लग्नाचा बस्ता असो, मुलांचे कॉलेज असो वा दवाखाना, इथल्या माणसाला प्रत्येक कामाला दोन दिशा असतात. रायबाग, अथणी, उगारकडच्यांना तिसरीही आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून या पट्ट्यातला अवघड दुखणाईत 'मिरजेला हलवला' जातो. एरवी ही सोयच आहे. रात्री दोन वाजता घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत कळ आली, की मात्र तीच सोय अंगाशी येते. थोरला मुलगा कोल्हापूर म्हणतो. जावई बेळगाव म्हणतो, कारण तिथे त्याच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. शेजारी म्हणतात, पित्त असेल, सोडा द्या आणि सकाळपर्यंत बघू. या बोलण्यात तास-दीड तास सहज निघून जातो.

बोलण्याचा हा क्रमच उलटा आहे. मोठे रुग्णालय कोणते, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न एवढाच, की सर्वांत लवकर ईसीजी कुठे निघेल. छातीतले दुखणे हृदयाचे आहे की पित्ताचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी किंवा मेडिकलवाल्याने ठरवायचे नसते. त्यांना ते ठरवताच येत नाही. निष्णात हृदयरोगतज्ज्ञही नुसते बोलून ते ठरवत नाहीत, आधी कार्डिओग्राम काढतात.

घाई कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा थर वर्षानुवर्षे साचतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पुढे वीस-तीस मिनिटांत त्या रोहिणीवर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. रक्त पुन्हा सुरू झाले नाही, तर सहा ते बारा तासांत त्यातला बहुतेक भाग कायमचा जातो, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा सर्वांत मोठा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत होतो. बारा तासांनंतर सहसा ते दिलेच जात नाही. रुग्ण वाचला, पण उशिरा पोचला, तर अशक्त झालेले हृदय घेऊन त्याला उरलेले आयुष्य काढावे लागते. जिना चढताना धाप लागते, पायावर सूज येते, शेतातले काम सुटते. उशिराची ही किंमत मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही.

भारतात हा उशीर किती होतो, ते 'क्रिएट' नावाच्या मोठ्या पाहणीने मोजले. पन्नास शहरांतल्या ८९ रुग्णालयांतले वीस हजारांहून अधिक रुग्ण तिच्यात होते आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे होता, म्हणजे सहा तास. रुग्णालयात आल्यावर गुठळीचे औषध सुरू व्हायला लागणारा मध्यक वेळ पन्नास मिनिटे. विलंबाचा मोठा वाटा दवाखान्याच्या दाराबाहेर होता, घरात आणि रस्त्यावर. याच पाहणीतली दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत साडेपाच टक्के होते, गरिबांत ८.२ टक्के. उपचारांतला फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत नाहीशी झाली. गरिबाचे हृदय काही जास्त दुबळे नव्हते. त्याला उपचार कमी मिळाले होते.

आता 'गॅस'विषयी. सीमाभागात छातीतल्या प्रत्येक दुखण्याचे पहिले निदान हेच असते. 'गॅस धरलाय', 'पित्त चढलंय', 'उसण भरली असेल', 'काल जड उचललंस की'. मग ओवा, हिंग, लिंबू-सोडा, पित्ताची गोळी. गावातल्या डॉक्टरकडे नेले तरी अनेकदा पित्ताचे इंजेक्शन आणि सलाईनची बाटली मिळते, आणि थोडे बरे वाटले की मंडळी घरी परततात. पण औषधाने उतार पडला म्हणून दुखणे हृदयाचे नव्हते, हा तर्क साफ फसवा आहे. हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे आणि अन्ननलिका-जठराच्या मज्जातंतूंचे संदेश मेंदूकडे जवळपास एकाच वाटेने जातात, म्हणून हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडले की पोटाच्या बेचक्यात जळजळते, मळमळते, ढेकर येतात. उलट्या दिशेनेही तेच. जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनने आराम पडला म्हणजे दुखणे हृदयाचेच, असे पूर्वी डॉक्टरही मानत. २००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ४५९ रुग्णांवर ते तपासून पाहिले. हृदयाचा त्रास निघालेल्यांपैकी ३५ टक्क्यांना त्या औषधाने आराम पडला होता आणि हृदयाचा त्रास नसलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना. म्हणजे उतार पडण्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

अभिनेते श्रेयस तळपदेंची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण त्यांनी ती स्वतःच मोकळेपणाने सांगितली आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत ते चित्रीकरण करत होते. दिवसभर हाणामारीची, धावपळीची दृश्ये. शेवटचा शॉट झाल्यावर धाप लागली आणि डावा हात दुखू लागला. स्नायू आखडला असेल, असे त्यांना वाटले. वाटण्यात नवल नव्हते. दिवसभर अंग मोडून काम केलेल्या ४७ वर्षांच्या माणसाला दुसरे काय वाटणार? ते घरी गेले. त्यांची अवस्था पाहिल्यावर पत्नीने मात्र क्षणाचाही विचार न करता त्यांना गाडीत घातले आणि रुग्णालय गाठले. वाटेतच ते निपचित पडले. रुग्णालयात छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन हृदय चालू करावे लागले, मग अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. घर ते रुग्णालय हे अंतर कमी होते, आणि बायकोने 'जरा पडून राहा, बरं वाटेल' म्हटले नाही. या दोन गोष्टींनी त्यांना वाचवले. ऊस तोडून, पोती उचलून, दिवसभर ट्रॅक्टर चालवून घरी आलेल्या माणसाचे हात-पाय रोजच दुखतात. म्हणून कष्टकरी घरात स्नायूच्या दुखण्याचा समज अधिकच घट्ट असतो आणि तिथेच तो अधिक घातक ठरतो.

मग ओळखायचे कसे? हृदयाचे दुखणे बहुधा बोटाने दाखवता येत नाही. रुग्ण अख्खा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. टोचल्यासारखे कमी, दाबल्यासारखे, आवळल्यासारखे, भरून आल्यासारखे जास्त. ते डाव्याच काय, दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, जबड्यात, पाठीत उतरू शकते. अनेकदा दाताचे किंवा घशाचे दुखणे वाटून लोक भलत्याच डॉक्टरकडे जातात. त्याबरोबर दरदरून घाम, धाप, मळमळ, गरगरणे, अंगातले त्राण गेल्यासारखे वाटणे यांपैकी काही असेल, किंवा दुखणे दहा-पंधरा मिनिटांत गेले नाही, तर थांबायचे कारण उरत नाही. चढ चढताना, ओझे नेताना, जेवून लगेच चालताना छाती आवळते आणि थांबले की पाच मिनिटांत मोकळी होते, ही वेगळी तऱ्हा आहे. रोहिणी अरुंद झाल्याची ती आगाऊ सूचना असते आणि ती मिळालेला माणूस खरे तर नशीबवान. त्याने त्याच आठवड्यात तपासणी करावी. तोच त्रास कमी श्रमात, वारंवार किंवा बसल्या जागी होऊ लागला, तर मात्र आठवडा नाही, तास मोजायचे.

बायकांच्या बाबतीत चित्र आणखी धूसर असते. छातीत दुखणे त्यांनाही होतेच, पण अनेकींना धाप, थकवा, पाठदुखी, मळमळ हेच पुढे जाणवते. मधुमेहींना आणि वृद्धांना तर कधी कधी काहीच दुखत नाही. नुसता घाम फुटतो आणि जीव घाबरा होतो. त्यात आपल्या घरांतली रीत अशी, की बाई दुखणे अंगावर काढते. पोराची परीक्षा, सुनेचे बाळंतपण, गिऱ्हाइकाच्या विड्यांचा हिशेब, सगळे उरकल्यावर ती सांगते, आणि तेही 'काही नाही, जरा पित्त झालंय' म्हणून. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बायकांच्या पिढ्या राबल्या. त्यांच्या कामावर आणि संघटनेवर 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये माहितीपटही केला. अशा ठिकाणी आयुष्य गेलेल्या बाईला धाप लागली की 'धुळीनं दम लागतोय' हे उत्तर तयारच असते. ते खरेही असू शकते. पण साठीतल्या, मधुमेह असलेल्या, सकाळ-संध्याकाळ मिस्री लावणाऱ्या बाईची अचानक सुरू झालेली धाप हृदयाची नाही, हे ईसीजीवाचून कुणी सांगू नये.

तंबाखूचा विषय निघालाच आहे, तर निपाणीत तो टाळून चालणार नाही. हे पीक इथल्या हजारो घरांची चूल पेटवत आले आहे. १९८१ मध्ये त्याच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथेच महामार्ग रोखला आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. त्या इतिहासाचा मान राखूनच हे सांगायला हवे, की ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने २००६ मध्ये तंबाखूचे प्रकार वेगवेगळे मोजले. तंबाखूला कधीच न शिवलेल्यांच्या तुलनेत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता बिडी ओढणाऱ्यांत सुमारे २.९ पट निघाली, तंबाखू चघळणाऱ्यांत २.२ पट आणि ओढणे-चघळणे दोन्ही करणाऱ्यांत चार पटींहून अधिक. 'मी ओढत नाही, नुसता चुना-तंबाखू खातो' हे समाधान त्यामुळे फोल ठरते. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ च्या आसपास येतो असे दिसले, इतर भागांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी. म्हणून चाळिशीतल्या माणसाला 'या वयात कसला ॲटॅक' असे म्हणून घरी बसवणे या मातीत तरी परवडणारे नाही. चांगली बाजू अशी, की तंबाखू सोडल्यावर पहिल्या तीन वर्षांतच हा धोका बराच उतरतो.

हृदयविकाराच्या बातम्यांनी कर्नाटक गेल्या काही वर्षांत हादरून गेले आहे. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अभिनेते पुनीत राजकुमार यांना व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागले आणि ४६ व्या वर्षी, त्याच दिवशी ते गेले. बेळगाव जिल्ह्याने आपला माणूस गमावला तो ६ सप्टेंबर २०२२ च्या रात्री. हुक्केरी तालुक्यातल्या बेल्लद बागेवाडीचे, आठ वेळा आमदार झालेले मंत्री उमेश कत्ती बेंगळूरूच्या घरात कोसळले. रुग्णालयात नेईपर्यंत नाडी थांबलेली होती. ते ६१ वर्षांचे होते. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. हृदयविकाराचा झटका म्हणजे रोहिणी बंद होणे, तेव्हा हृदय धडधडत असते आणि माणूस बोलत असतो. हृदय बंद पडणे ही त्यापुढची, वेगळी आणि काही मिनिटांत जीव घेणारी घटना. झटक्याचे पहिले काही तास तीच भीती सर्वांत मोठी असते. कुणी कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, असे दिसले तर त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा दाबत राहावे आणि दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन लावायला सांगावे. तोंडावर पाणी मारून, कांदा हुंगवून बंद पडलेले हृदय चालू होत नाही.

भीतीचा अतिरेकही झाला. २०२५ च्या जून-जुलैत हासन जिल्ह्यात चाळीसएक दिवसांत वीसहून अधिक मृत्यू हृदयविकाराने झाल्याच्या बातम्या आल्या आणि जयदेव हृदयरोग संस्थेच्या म्हैसूर-बेंगळूरूच्या रुग्णालयांसमोर पहाटेपासून रांगा लागल्या. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने हासनमध्ये असाधारण अशी वाढ नसल्याचे सांगितले. काही मृत्यू तर हृदयाचे नव्हतेच. पण त्या रांगांत उभ्या असलेल्यांना हसण्याचे कारण नाही. छातीत दुखण्याची कारणे खरोखरच अनेक आहेत. बरगडीच्या सांध्याची सूज, आम्लपित्त, न्यूमोनिया, क्षय, मनावरच्या ताणाचा झटका, एवढेच काय, पुरळ उठण्याआधीची नागीणसुद्धा. फुप्फुसात अडकलेली गुठळी किंवा महारोहिणीची फाटणारी भिंत ही तर हृदयविकाराइतकीच जीवघेणी. एका जागी बोट ठेवून दाबले की दुखते, कूस बदलली की वाढते, क्षणभर चमकून जाते, असे दुखणे हृदयाचे असण्याची शक्यता कमी. ती शून्य मात्र नाही, आणि शंका आलेल्या दहा जणांचे ईसीजी नीट निघाले, तर ते दहा हेलपाटे वाया गेले असे कुणीही मानू नये.

घरातून निघण्याआधी काय करावे, यावर डॉक्टरांचे एकमत आहे, तरी लोकांपर्यंत ते पोचलेले नाही. रुग्णाला चालवू नये, जिना उतरायला लावू नये, आणि त्याने स्वतः मोटारसायकल काढून निघणे तर नकोच. १०८ ला फोन करावा. ही सेवा दोन्ही राज्यांत आहे. कागल-कोगनोळीसारख्या सीमेवरच्या ठिकाणाहून बोलताना गावाच्या नावाबरोबर तालुका, जिल्हा आणि राज्यही सांगावे. गाडी यायला वेळ लागणार असेल, तर वडापची जीप, शेजाऱ्याची कार, जे मिळेल ते घ्यावे. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खाणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. १९८८ मध्ये सतरा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या 'आयसिस-२' चाचणीत ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटवले, आणि गुठळीच्या औषधाबरोबर दिल्यावर ४२ टक्क्यांनी. ॲलर्जी असेल, रक्तस्राव होत असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा पाठीत फाटल्यासारखे दुखत असेल, तर ती घेऊ नये. शंका असेल तर फोनवरच डॉक्टरला विचारावे. खिशात बाळगलेली सॉर्बिट्रेट मात्र कुणीही कुणाच्याही जिभेखाली ठेवू नये. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, किंवा व्हायग्रासारखी गोळी घेतलेली असेल, तर सॉर्बिट्रेट रक्तदाब धोकादायकरीत्या पाडते. ज्याला ती लिहून दिली आहे, त्याचीच ती.

ईसीजी निघाला आणि 'नॉर्मल' आला म्हणजे सुटलो, असेही नाही. पहिल्या कार्डिओग्राममध्ये झटका दिसेलच असे नसते, म्हणून दुखणे चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी दुखू लागल्यावर तीनएक तासांनी बोलू लागते, म्हणून तीही दोनदा करावी लागते. 'पहिला रिपोर्ट चांगला आहे, घरी नेतो' असे नातेवाइकांनी म्हणू नये. डॉक्टर थांबवून ठेवतात ते बिल वाढवायला, हा संशय इथे जीव घेऊ शकतो.

सरकारने या बाबतीत एक चांगले काम केले आहे, ते मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. पुनीत राजकुमार यांच्या नावाने कर्नाटकने 'हृदयज्योती' योजना आणली. तालुका रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो संगणकाच्या मदतीने आणि मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाकडून काही मिनिटांत वाचून घ्यायचा, आणि झटका असेल तर टेनेक्टिप्लेज हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच मोफत द्यायचे. बाजारात त्याची किंमत ३० ते ५० हजारांच्या घरात आहे. मग रुग्ण अँजिओप्लास्टीसाठी पुढे पाठवायचा. शेजारच्या गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला केंद्र करून २०१८ पासून अशीच व्यवस्था चालते. निपाणी-चिकोडीसाठी ही पद्धत सर्वांत शहाणपणाची आहे. अँजिओप्लास्टी होते त्या कॅथलॅबमध्ये थेट पोचून दोन तासांच्या आत रोहिणी उघडता येणार असेल, तर तो उपचार उत्तम. पण खेड्यातून निघणे, वाहन मिळवणे, महामार्ग, मोठ्या रुग्णालयातली कागदपत्रे, हे सगळे मोजले तर ते दोन तास क्वचितच पाळले जातात. अशा वेळी आधी तालुक्याला इंजेक्शन, मग मोठ्या शहरात अँजिओप्लास्टी, हा क्रम स्नायू वाचवतो.

अडते ते सीमेवर. निपाणीहून कोल्हापूर जवळ, आणि तिथे छत्रपती प्रमिलाराजे हे मोठे सरकारी रुग्णालयही आहे. बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, पण ते लांब. रुग्णाकडचे आरोग्य कार्ड मात्र राज्य बघून चालते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरवले, त्यासाठी ५४ कोटींची तरतूद जाहीर केली. कर्नाटकने हरकत घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव जिल्हा प्रशासनाने या योजनेची कागदपत्रे करून देणारी केंद्रे बंद पाडली. सीमाप्रश्नावर दोन राज्यांची भूमिका काहीही असो. तो वाद न्यायालयात आहे, तिथेच त्याचा निकाल लागेल. पण आजाऱ्याचा त्यात बळी जाणे कुणालाच शोभत नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या भीतीने कर्नाटकने केरळची सीमा बंद केली, तेव्हा वर्षानुवर्षे मंगळूरूला उपचारांना जाणारे कासारगोडचे रुग्ण तलपाडी नाक्यावर अडले आणि उपचारांविना काही जण दगावल्याच्या बातम्या आल्या. केरळ उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मग कुठे रुग्णांना सोडण्याची पद्धत ठरली. अपघातग्रस्ताला आणि अत्यवस्थ रुग्णाला कागदपत्रांवाचून आधी उपचार द्यावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यातच सांगितले आहे. ते कोणत्याही राज्याच्या रुग्णाला लागू आहे.

तेव्हा मागणी अगदी नेमकी असावी. छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या पहिल्या चोवीस तासांसाठी दोन्ही राज्यांनी एकमेकांची आरोग्य कार्डे मान्य करावीत आणि हिशेब सरकारांनी आपसात मिटवावा. निपाणीतून निघालेला ईसीजी कोल्हापूरच्या तज्ज्ञाला थेट दिसेल अशी जोडणी व्हावी. गाडी पोचेपर्यंत तिकडची कॅथलॅब तयार असेल. याला कायदा बदलावा लागत नाही. बेळगाव आणि कोल्हापूरचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि शल्यचिकित्सक एकत्र बसले, तर कामचलाऊ व्यवस्था काही बैठकांत उभी राहू शकते. त्याबरोबर एक पानाची यादी हवी. रात्रीसुद्धा ईसीजी कुठे निघतो, गुठळीचे इंजेक्शन कुठे ठेवलेले आहे, कॅथलॅब कुठे चालू असते आणि त्यांचे फोन क्रमांक. कन्नड आणि मराठी दोन्हींत छापून ती ग्रामपंचायतीत, दूध डेअरीत, मेडिकलमध्ये, बसस्थानकावर आणि साखर कारखान्यांच्या गेटवर लावावी. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री ईसीजी निघत नाही, त्याने तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे लोक तिथे वेळ घालवणार नाहीत. ही यादी पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी लागली पाहिजे. तेव्हा दुरून आलेल्या ऊसतोड टोळ्या फडात राहायला येतात, आणि त्यांना जवळचा दवाखाना कोणत्या बाजूला आहे, हेही ठाऊक नसते.